मुलं फोनवर गेली, आता आम्ही कुठं जायचं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पुण्यातले हे वाचक चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी एका मित्राबरोबर सात जणांचा छोटा गेम स्टुडिओ काढला. गेली तीन वर्षं ते पीसीसाठी एक गेम बनवताहेत. कोकणातल्या एका बंद घरात हातात कंदील घेऊन शिरलेली मुलगी आणि खोलीखोलीतून उलगडत जाणारी गोष्ट, असा तो खेळ. काम निम्म्याहून बरंच पुढे सरकलंय, पण पगार भागतील इतके पैसे दिवाळीपर्यंतच आहेत. पार्टनर म्हणतो, "मुलं आता फोनवर खेळतात. हे बाजूला ठेवू, फोनसाठी फुकटातले छोटे गेम काढू, जाहिरातींवर चालवू." त्यांना ते पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा आजीच्या फोनवर तासन्‌तास खेळतो. वडिलांचा गेम त्यानं एकदाच उघडला. माऊसला हात लावायच्या आधी मॉनिटरवरच्या कंदिलावर बोट टेकवलं, काही झालं नाही, तसा तो उठून गेला. "माझ्याच घरात मी हरलो," असं ते लिहितात आणि विचारतात : काळाबरोबर फोनकडे वळावं की आपल्या कलेशी इमान राखावं?

उत्तर :

त्या बोटापासूनच सुरुवात करते. तुमच्या पत्रात पैशांचं आहे, पार्टनरचं आहे, बदलत्या काळाचं आहे. पण मला राहून राहून आठवतंय ते मॉनिटरवर टेकलेलं बोट. तुम्ही त्याला हार म्हणता. मी ते वेगळं वाचते. अकरा वर्षांच्या मुलानं अंधारं माजघर बघितलं, कंदील बघितला आणि त्याला तो पेटवावासा वाटला. त्यानं कुणाला विचारलं नाही, सूचना वाचल्या नाहीत, सरळ हात पुढे केला. खेळ बनवणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात याहून जास्त काय हवं असतं? पुढे गाडी अडली ती हातापाशी, गोष्टीपाशी नव्हे. काचेपलीकडची वस्तू बोटानं हलते, हे त्याच्या वयाच्या मुलांना बोलायला लागल्यापासून माहीत असतं. माऊस त्यांच्या लेखी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधली चीज. आठवड्यातून एक तास, तोही दोघांत एक.

हे आधी सांगितलं, कारण तुम्ही प्रश्न मांडलाय तो दोन खणांत : एका खणात फोन, दुसऱ्यात कला. ही वाटणी मला मान्य नाही. ती तुम्ही केलेली नाही आणि तुमच्या पार्टनरनंही केलेली नाही, ती आपल्याकडे आयती आली. तेव्हा पर्यायांकडे वळण्याआधी ती जरा सोडवून बघू.

"मुलं फोनवर गेली" असं आपण सगळेच म्हणतो. पण गेली कुठून? तुमच्या-माझ्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दिवसाच्या भाड्यानं टीव्ही गेम आणायचे, तो चार घरची मुलं मिळून खेळायची. पुढे तासावर पैसे देऊन सायबर कॅफे आला. घरात स्वतःचा कन्सोल असणारी मुलं वर्गात एक किंवा दोन, आणि त्यांच्या घरी वाढदिवसाला सगळ्यांना जायचं असायचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत खेळासाठी वेगळं यंत्र कधी आलंच नाही. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, आणि आई-बाबांच्या जुन्या फोनवर मुलांना आयुष्यातला पहिला गेम मिळाला. ही मुलं पीसी सोडून आलेली नाहीत. तुमच्या मुलानंही तुमचा पीसी नाकारून आजीचा फोन निवडलेला नाही. दुपारी घरात रिकामा असलेला पडदा तोच होता.

आणि आपण तरी कुठून आलो? मी २००६मध्ये टेस्टर म्हणून या धंद्यात आले. आमच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं, त्याच्या खणांत शंभराच्या वर हँडसेट, प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी पट्टी आणि पट्टीवर पेनानं लिहिलेला नंबर. नोकिया, सोनी एरिक्सन, मोटोरोला. परदेशात बनलेला एक जावा गेम, म्हणजे त्या काळच्या बटणांच्या फोनवर चालणारा, त्या प्रत्येकावर चालवून दाखवायचा, हे आमचं काम. त्याला पोर्टिंग म्हणत. त्यातल्या काही फोनवर अख्खा गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. आज एक धड फोटोसुद्धा त्यात मावत नाही. तिथं मी बघितलं, की आमचा एक आर्टिस्ट नायकाच्या डोळ्यासाठी दोन ठिपके लावायचे की तीन, यावर अर्धी दुपार घालवायचा. पुण्यातल्या कितीतरी गेमवाल्यांचे हात त्या छोट्या पडद्यावर बसले आहेत. तुमच्या टीममधल्या वयानं मोठ्या माणसांना विचारा, बहुधा निम्मे त्याच शाळेतले निघतील. फोनकडे वळणं म्हणजे पायरी उतरणं, हे आपल्या गावाला तरी लागू पडत नाही.

आता तुमच्या पार्टनरच्या बाजूनं बोलते, कारण तो जे म्हणतोय ते जपानातल्या सगळ्यात मोठ्या माणसांनीही म्हटलेलं आहे. मारिओचे गेम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल, पण त्यातली तारखांची साखळी नीट बघा. त्यांचा डीएस हा हातातला कन्सोल १५ कोटी ४० लाख विकला गेला. त्याचा वारस थ्रीडीएस २०११च्या फेब्रुवारीत २५,००० येनला आला आणि सहा महिन्यांच्या आत १५,००० येनवर उतरवावा लागला. शेवटपर्यंत तो साडेसात कोटींच्या आसपासच थांबला, म्हणजे निम्मा. याला इतरही कारणं होती, पण मधल्या काळात मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या हातात फोन आला होता, हे मोठं कारण. मार्च २०१२ला संपलेल्या वर्षात कंपनी तोट्यात गेली. तरी अध्यक्ष सातोरू इवाता फोनवर मारिओ द्यायला बरीच वर्षं तयार नव्हते. शेवटी १७ मार्च २०१५ला त्यांनी डीएनए या मोबाईल कंपनीबरोबर हातमिळवणी जाहीर केली. त्याच व्यासपीठावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : आमचं नवं यंत्रही येतंय. चार महिन्यांत इवाता गेले. ते यंत्र म्हणजे २०१७चा स्विच, आणि तो १५ कोटींच्या वर खपला.

फोनवर काय झालं? डिसेंबर २०१६मध्ये सुपर मारिओ रन आला. एका हातानं खेळता येईल असा सुरेख बेतलेला गेम. सुरुवातीचे टप्पे फुकट, पुढचं सगळं एकदाच सुमारे १० डॉलर देऊन कायमचं तुमचं. जाहिरात नाही, नाण्यांची दुकानदारी नाही. पहिल्या काही आठवड्यांतच तो ७ कोटी ८० लाख वेळा उतरवला, म्हणजे डाउनलोड केला गेला, आणि पैसे देणारे निघाले जेमतेम ५ टक्क्यांच्या वर. दोन महिन्यांनी त्याच कंपनीचा फायर एम्ब्लेम हीरोज आला : फुकट, पण हवं ते पात्र मिळायला नशिबाची सोडत काढायची आणि सोडतीला पैसे मोजायचे. मारिओच्या मानानं तो फार कमी लोकांनी उतरवला आणि कमाईत मारिओला मागे टाकून गेला.

तुमची घालमेल या दोन गेमांच्या मध्ये अडकली आहे, असं मला वाटतं. दोन्ही फोनवरचे, दोन्ही एकाच कंपनीचे. पडदा एकच होता, बदलली ती पैसे मागायची रीत. तुम्ही लिहिता, "फोनचे गेम मुलांच्या मनाशी खेळतात." फोन काही करत नाही हो. त्याच काचेवर आपली पोरं मावशीशी बोलतात, गणितं सोडवतात. तुम्हाला खुपतेय ती पैसे मागायची एक विशिष्ट रीत, आणि ती खुपणं अगदी योग्य आहे. पण राग तिथंच ठेवा, तो काचेवर काढू नका. नाहीतर तुम्ही पीसीवर बसून राहाल आणि अकरा वर्षांच्या मुलांना खेळ द्यायचं काम त्या रीतीच्या लोकांकडेच राहील.

यातलं मला कळतं, कारण ते मी केलंय. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत लहान मुलांच्या स्वयंपाकाच्या गेमवर मी डिझायनर होते. मधे जाहिरात यायची, आणि ती बंद करायची फुली कुठं नि कशी ठेवायची हे काम माझ्याकडे होतं. पहिल्यांदा मी ती ठळक, उजव्या कोपऱ्यात ठेवली. वरून निरोप आला, फुली राखाडी करा. मग, लहान करा. मग, पाच सेकंदांनी दिसू द्या. प्रत्येक वेळी चुकून जाहिरातीवर बसणारी बोटं वाढली आणि आकडे वर गेले. आम्ही त्या आकड्यांना टाळ्या वाजवल्या. त्या दिवाळीत साताऱ्याला भावाकडे गेले, तर त्याची सात वर्षांची मुलगी तोच गेम खेळत होती. कोपरा तडकलेला फोन, आवाज बंद, कारण आजोबा झोपलेले. जाहिरात आली तशी ती ओठ मिटून त्या कोपऱ्याकडे टक लावून बसली, फुली दिसायची वाट बघत. फुली आली, तिनं दाबली, बोट जरा मोठं पडलं आणि भलतंच दुकान उघडलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, हे माझ्याकडून नेहमी चुकतं." मला तिला सांगता आलं नाही की बाळा, ते चुकावं म्हणूनच मी ते तिथं ठेवलंय. सहा महिन्यांनी ती नोकरी सोडली. सोडायला सहा महिने लागले, कारण घराचे हप्ते होते. म्हणून तुमच्या पार्टनरला पगारांची काळजी वाटते याला मी नावं ठेवणार नाही.

पण त्याच्या हिशेबात दोन मोठ्या चुका आहेत, त्या त्याला शांतपणे दाखवा.

पहिली अशी की फुकट गेम बनवायला स्वस्त असला तरी लोकांपर्यंत पोचवायला महाग असतो. प्ले स्टोअरवर रोज इतकं काही येतं की नवा गेम आपोआप कुणाला दिसत नाही. दिसायला जाहिरात द्यावी लागते, म्हणजे दुसऱ्याच्या गेममध्ये पैसे भरून आपली फुली लावावी लागते. एक खेळाडू आणायला जितका खर्च आला त्याहून जास्त त्याच्याकडून निघाला तरच गाडी चालते, आणि ते बघायला हातात खेळतं भांडवल आणि आकडे चाळणारी माणसं लागतात. अॅपलनं एप्रिल २०२१मध्ये आयफोनवर माग काढायला वापरणाऱ्याची परवानगी सक्तीची केल्यापासून नेमका खेळाडू शोधणं आणखी अवघड झालं. सात माणसं आणि दिवाळीपर्यंतची शिल्लक घेऊन या आखाड्यात उतरणं म्हणजे तालमीला न जाता कुस्ती धरणं. आपल्या इथून निघालेले मोठे फोन गेम आहेत की : नवी मुंबईतला लुडो किंग २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरोघर पोचला, पुण्याच्या सुपरगेमिंगनं ऑक्टोबर २०२४मध्ये इंडस बॅटल रॉयल आणला. पण पहिल्यामागे सगळ्या देशाला पाठ असलेला खेळ होता आणि दुसऱ्यामागे मोठी टीम आणि अनेक वर्षांचं काम. "छोटे गेम काढू" इतक्या सहज ते उभं राहिलेलं नाही.

दुसरी चूक कायद्याची. तुमचा प्रेक्षक मुलं असतील, तर जाहिरातींचं गणित आतून बदलतं. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं कुणीही. त्यांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्यांच्या वागण्याचा माग काढणं, त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे आज सुरू केलेला गेम बाजारात रुळेपर्यंत त्या लागू झालेल्या असतील. पैसे लावून खेळायचे गेम तर ऑगस्ट २०२५च्या कायद्यानं बंदच झाले, तेव्हा "थोडी बक्षिसं ठेवू" ही वाटही नाही. बाहेरही वारं असंच आहे. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेत फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सला ५२ कोटी डॉलर मोजावे लागले. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या डेटाबद्दल, आणि बाकीचे एका बटणात नकळत खरेदी व्हावी अशी रचना केल्याबद्दल ग्राहकांना परत. तुमचा पार्टनर जी रीत सुरक्षित समजतोय, ती येत्या वर्षांत सगळ्यात डळमळीत आहे.

मग तुमचं म्हणणं बरोबर का? तेही पुरतं नाही. तुम्ही पीसीला "कला" म्हणता, तेव्हा तुमचा तीन वर्षांचा घाम बोलतोय. मला तो समजतो. पण फोनवर हा गेम न्यायचा तर काय करावं लागेल याचा विचार तुम्ही अजून केलेला नाही, कारण तो विचार म्हणजेच हार, असं तुम्ही धरून चाललात. मी जरा केला. तुमचा सगळा खेळ अंधारात आहे. स्वस्त फोनचा पडदा, ब्राइटनेस कमी केलेला कारण बॅटरी १२ टक्के, डोक्यावर ट्यूबलाइट. त्यात तुमचं माजघर म्हणजे निव्वळ काळा चौकोन दिसेल. काळ्याऐवजी गडद निळा आणि शेवाळी वापरून अंधार कसा करायचा? बोटानं कंदील धरला तर बोटच उजेड झाकणार. मग उजेड बोटाच्या वर दोन पेरं पडायला हवा. आवाज बंद असतो, तर जिन्याची करकर ऐकू येणार नाही. ती दिसायला हवी, धूळ पडून, सावली हलून. आणि मूल सलग खेळत नाही. सातव्या मिनिटाला काकांचा फोन येतो, आजी फोन मागते, की खेळ तिथल्या तिथं जपला जायला हवा. त्या आर्टिस्टची दोन ठिपके की तीनची दुपार मी उगाच सांगितली नाही. यात कला कमी लागते, असं कोण म्हणेल?

वाटा कोणत्या आहेत ते आता सांगते, आणि माझा कौलही सांगते.

पीसीवरचा गेम आधी पुरा करून मग फोनवर नेण्याची वाट लोकांनी चालून दाखवलेली आहे. स्टारड्यू व्हॅली एका माणसानं बनवला, २०१६मध्ये पीसीवर आला, २०१८मध्ये आयफोनवर, २०१९मध्ये अँड्रॉइडवर. एकदा किंमत द्या, जाहिरात नाही. घराजवळचं उदाहरण हवं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम घ्या. त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता. तरी २०२०मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला, मग पीसी आणि बाकी कन्सोलवर, आणि पुढे नेटफ्लिक्समार्फत फोनवरही. नेटफ्लिक्स किंवा अॅपल आर्केडसारख्या वर्गणीच्या जागा इथं लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण तिथं गेमच्या आत जाहिराती आणि खरेदी नसते आणि बनवणाऱ्याशी करार आधी होतो. दार अरुंद आहे, हेही खरं. पण त्या दाराशी तुमचं अर्धं तयार घर घेऊन जाता येतं. पार्टनरच्या छोट्या गेमांना तिथं जागा नाही.

मारिओची वाट, म्हणजे पहिल्या खोल्या फुकट आणि पुढचं एका किमतीत, ही मला मनापासून आवडते, पण ५ टक्क्यांचा आकडा विसरून तिच्यावर पगार बांधू नका. निन्टेन्डोजवळ मारिओ होता आणि पोटाला स्विच होता. तुमच्याजवळ दोन्ही नाही. विकतचा गेम फुकटच्या दुकानात कसा उपरा होतो याचं आणखी एक उदाहरण मला बोचतं. अँग्री बर्ड्सची मूळ, विकतची आवृत्ती ती बनवणाऱ्या रोव्हिओ कंपनीनं २०२२मध्ये लोकांच्या आग्रहावरून परत आणली आणि २०२३च्या फेब्रुवारीत गूगल प्लेवरून काढून टाकली, कारण तिचा परिणाम त्यांच्या बाकीच्या गेमांवर होत होता. म्हणून स्टुडिओत दोन्ही रिती एकत्र नांदतील, "एक पैशासाठी, एक मनासाठी", असं पार्टनर उद्या म्हणेल तेव्हा सावध राहा. पैशासाठीचा गेम मनासाठीच्या गेमला जेवू देत नाही.

माझा कौल असा. गेम टाकू नका आणि पीसी सोडूही नका. पण येत्या सहा आठवड्यांत पहिल्या दोन खोल्या फोनवर करून बघा, नुसत्या उतरवून नव्हे, बोटासाठी नव्यानं बेतून. ओटी आणि माजघर, बस्स. फोन आठ-दहा हजारांचा घ्या. खरं तर आजीचाच मागा, त्याच्यावर चाललं तर सगळीकडे चालेल. तेवढ्या काळात सातांपैकी दोघांना बाहेरचं काम घेऊ द्या, आर्टचं किंवा टेस्टिंगचं. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंची चूल पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पेटली आहे, त्यात कमीपणा नाही. आणि दिवाळीची गोष्ट बाकी पाच जणांना आजच सांगा. तुम्ही दोघांनी ती पोटात ठेवली आहे असं तुमच्या पत्रावरून वाटलं. त्यांच्याही घराचे हप्ते असतील. त्यांना ऑक्टोबरात कळलं तर ते तुमच्या गेमपेक्षा तुमचं गप्प बसणं लक्षात ठेवतील.

पार्टनरबरोबर एकदा बसा आणि एका कागदावर लिहून काढा, की पैशासाठी आपण काय करणार नाही. फुली लपवणार नाही. मुलाला घाबरवून किंवा "आज आला नाहीस तर गेलं" म्हणून बोलावणार नाही. नशिबाची सोडत विकणार नाही. यात आणखी काय बसतं ते तुम्ही ठरवा. दोघांनी सह्या करा. हे आत्ता करायचं, कारण शिल्लक संपत आल्यावर माणूस एकेक पायरी उतरतो आणि प्रत्येक पायरी लहानच वाटते. राखाडी, मग लहान, मग पाच सेकंद. तो कागद त्याला पटला नाही, तर ते भांडण फोनचं नव्हतं हे तुम्हाला कळेल, आणि मग भागीदारीबद्दल वेगळं बोलावं लागेल.

असाच प्रश्न घेऊन मोठ्या स्टुडिओतले तरुणही लिहितात : "मला कन्सोलवर काम करायचंय, कंपनीनं मोबाईलवर टाकलं, करिअर गेलं का?" नाही गेलं. २०१५मध्ये कोनामी या जपानी कंपनीच्या गेम विभागाच्या अध्यक्षांनीही भवितव्य मोबाईलमध्ये आहे असं सांगितलं होतं आणि लोकांनी सायलेंट हिल या त्यांच्या भयकथेच्या गेममालिकेवर पाणी सोडलं होतं. २०२४मध्ये सायलेंट हिल २ नव्यानं बनून कन्सोलवर आलाच. हवा दर दहा वर्षांनी फिरते. तोवर फोनवर जे शिकाल, कमी मेमरीत, छोट्या पडद्यावर, दोन मिनिटांत माणसाला गोष्टीत ओढणं, ते कुठंही उपयोगी पडतं. ज्या पालकांचं मूल आजीच्या फोनवर खेळतं, त्यांना एवढंच : त्या फोनवरच्या खरेदीला पासवर्ड लावा, आणि अधूनमधून शेजारी बसून मूल काय खेळतंय ते बघा. माझी भाची हल्ली गेम सुरू करायच्या आधी एअरप्लेन मोड लावते, म्हणजे जाहिराती येत नाहीत. हे तिला कुणी शिकवलं नाही.

त्यावरून आठवलं, तुमचा गेम इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. हे कागदावर सगळ्यात वर लिहा.

आणि दोन खोल्या तयार झाल्या की पहिल्यांदा पार्टनरला दाखवू नका, गुंतवणूकदाराला तर नकोच. एका रविवारी दुपारी लेकाला बसवा. कोचावर, आजीच्या फोनवर, नेहमी बसतो तसा. "बाबांनी बनवलंय" हे सांगू नका. तुम्ही जरा मागे बसा, वही घेऊन, आणि काहीही झालं तरी मधे बोलू नका. तो अडला तरी नाही, चुकला तरी नाही. बोट कुठं जातं तेवढं लिहा. पहिल्यांदा ते कंदिलावरच जाईल. या वेळी तो पेटला पाहिजे.